डीएनएवरची नेमकी जागा शोधणारी कृत्रिम प्रथिने: रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी माहिती

सिकलसेल असलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाचे वडील मध्यंतरी मोबाइलवरचा एक व्हिडिओ घेऊन माझ्या ओपीडीत आले. 'झिंक फिंगर' नावाच्या तंत्राने जनुकातली चूक कायमची दुरुस्त होते, असे त्यात सांगितले होते. त्यांचे दोन प्रश्न होते. मुलाला जस्ताच्या गोळ्या सुरू करायच्या का? आणि हायड्रॉक्सीयुरिया आता बंद केली तर चालेल का?

दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. पण तो व्हिडिओ पूर्ण खोटाही नव्हता. झिंक फिंगर खरोखर असतात, त्यांच्यावर चाळीस वर्षे संशोधन चालू आहे आणि माणसांवर त्यांच्या चाचण्याही झाल्या आहेत. खरे काय आणि वाढवून सांगितलेले काय, हे ओळखायचे असेल तर हे तंत्र मुळातून थोडे समजून घ्यावे लागेल. त्यासाठी शाळेतले जीवशास्त्र आठवत नसले तरी चालेल.

पत्ता इतका महत्त्वाचा का?

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. त्यावर ए, टी, जी आणि सी अशा चार रासायनिक अक्षरांत शरीराची सगळी माहिती लिहिलेली असते. आईकडून आणि वडिलांकडून अशा तिच्या दोन प्रती मिळतात आणि एका प्रतीत सुमारे ३२० कोटी अक्षरे असतात. सिकलसेलच्या आजारात हिमोग्लोबिनच्या एका जनुकात जिथे 'जीएजी' हवे तिथे 'जीटीजी' आलेले असते. म्हणजे एकच अक्षर चुकलेले असते. हीच चूक आई आणि वडील दोघांकडून आली, तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे दुखतात, रक्त कमी होते.

मग ते अक्षर बदलून का टाकत नाहीत? अडचण अक्षर बदलण्यापेक्षा ते शोधण्याची आहे. ३२० कोटी अक्षरांत तेवढी एकच जागा गाठायची आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही.

जागा चुकली तर काय होते याचे दुःखद उदाहरण वैद्यकाने पाहिलेले आहे. १९९९ पासून पॅरिसमध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर जनुकीय उपचार सुरू झाले. एका विषाणूच्या पाठीवरून चांगले जनुक पेशींत पाठवले जायचे. उपचार लागू पडले, मुले बरी होऊ लागली. पण ते जनुक डीएनएमध्ये कुठे जाऊन बसावे यावर कोणाचे नियंत्रण नव्हते. काही पेशींत ते पेशींची वाढ चालवणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाशेजारी बसले आणि त्या जनुकाला कायमचे चालू करून गेले. पुढच्या काही वर्षांत चार मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. त्यातले एक दगावले. औषध योग्य होते, पत्ता हाती नव्हता.

म्हणून 'आधी पत्ता वाचणारे काहीतरी हवे' हा विचार जोर धरत गेला. निसर्गात असा पत्ता वाचणारी प्रथिने, म्हणजे प्रोटीन, आधीपासूनच होती.

बेडकाच्या अंडपेशीत सापडलेली 'बोटे'

केंब्रिजमध्ये आरॉन क्लूग नावाचे शास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या अंडपेशींतील एका प्रथिनाचा अभ्यास करत होते. क्लूग यांना १९८२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले होते. (हा बेडूक वैद्यकाला जुना ओळखीचा. लघवीच्या पट्ट्या येण्याआधी, विसाव्या शतकाच्या मध्यात, गरोदरपणाची तपासणी त्याच्यावर केली जात असे.) १९८५ मध्ये त्यांच्या गटाच्या लक्षात आले की या प्रथिनात सारखाच एक छोटा तुकडा नऊ वेळा आलेला आहे. प्रत्येक तुकडा साधारण तीस अमिनो आम्लांचा. त्याच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो आणि तो चार बाजूंनी धरून ठेवलेला असतो. त्यामुळे तुकड्याला घट्ट, दुमडलेला आकार येतो. हे तुकडे डीएनएला बोटांनी धरावे तसे धरतात, म्हणून त्यांना 'झिंक फिंगर', जस्ताची बोटे, हे नाव पडले.

जस्ताचे काम इथे शिवणीच्या टाक्याएवढेच. तो नसेल तर बोट उलगडते, पण पत्ता वाचण्याचे काम जस्त करत नाही. आपल्या शरीरात अशी बोटे असलेली सातशेहून अधिक प्रथिने आधीच आहेत आणि रोजच्या जेवणातले जस्त त्यांना पुरते. जस्ताची गोळी खाऊन नवे झिंक फिंगर तयार होत नाही. लहान मुलांना जुलाबात १४ दिवस जस्त देतो किंवा कमतरता असेल तेव्हा देतो, त्यामागची कारणे अगदी वेगळी आहेत. मनाने महिनोन्‌महिने जस्त घेतले तर उलट शरीरातले तांबे कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो. सिकलसेलच्या मुलाला तो आणखी नको.

हे बोट डीएनए वाचते कसे? डीएनएचा धागा पिळलेल्या दोरीसारखा असतो आणि पिळामुळे त्यावर एक रुंद खाच तयार होते. बोटाचा एक भाग त्या खाचेत बसतो आणि आतल्या अक्षरांच्या कडा चाचपतो. धागा उसवावा लागत नाही. एक बोट साधारण तीन अक्षरे ओळखते. बोटाच्या टोकाची तीन-चार अमिनो आम्ले बदलली की ते वेगळी तीन अक्षरे ओळखू लागते. १९९१ मध्ये अमेरिकेतील पाव्लेटिच आणि पाबो यांनी तीन बोटांचे प्रथिन डीएनएला धरून बसलेले असताना त्याची स्फटिकावरून रचना टिपली. तेव्हा कोणते अमिनो आम्ल कोणत्या अक्षराला हात लावते हे स्पष्ट दिसले. मग आपल्याला हव्या त्या अक्षरांसाठी बोटे घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

किती बोटे लागतात?

समजा तुम्ही पाकिटावर फक्त 'पाटील, मुक्काम वडगाव' असे लिहिले. पत्र कुठे जाईल? वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, पेठ वडगाव, शिवाय प्रत्येक वडगावात पाटलांची घरे. पत्ता खोटा नाही, अपुरा आहे.

तीन बोटे नऊ अक्षरे ओळखतात. चार अक्षरांपासून नऊ अक्षरांचे शब्द होतात २,६२,१४४. डीएनएत ३२० कोटी अक्षरे आहेत, तेव्हा नऊ अक्षरांचा कोणताही एक शब्द नुसत्या योगायोगाने बारा हजारांहून अधिक ठिकाणी सापडेल. औषध म्हणून हे चालणार नाही. तोच हिशेब सोळा अक्षरांचा केला तर शब्दांची संख्या डीएनएच्या लांबीपेक्षा जास्त होते. सहा बोटे लावली तर अठरा अक्षरांचा पत्ता मिळतो आणि तो सगळ्या डीएनएत एकदाच येण्याची शक्यता चांगली असते. म्हणून उपचारासाठी घडवलेल्या प्रथिनांत सहाच्या आसपास बोटे दिसतात, किंवा तीन-चार बोटांच्या दोन तुकड्या मिळून काम करतात.

पहिला मोठा पुरावा मात्र तीनच बोटांनी दिला. १९९४ मध्ये चू, सांचेझ-गार्सिया आणि क्लूग यांनी रक्ताच्या कर्करोगात सापडणाऱ्या बीसीआर-एबीएल या जोडजनुकासाठी तीन बोटांचे प्रथिन घडवले. दोन वेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे चुकून जिथे जोडले जातात, त्या सांध्यावरची नऊ अक्षरे त्यांनी निवडली. उंदराच्या पेशींत या प्रथिनाने ते जनुक दाबले. जनुकाच्या जोरावर बेबंद वाढणाऱ्या पेशी पुन्हा नेहमीच्या वाढ-घटकावर अवलंबून राहू लागल्या.

मात्र या आजारात रुग्णाच्या हाती आले ते वेगळेच औषध. इमॅटिनिब ही गोळी जनुकाला हात लावत नाही, त्या जनुकापासून बनलेल्या प्रथिनाला अडवते. २००१ मध्ये ती अमेरिकेत मंजूर झाली आणि आज आपल्याकडेही हजारो रुग्ण ती घेऊन कामावर जातात. मला हे उदाहरण रुग्णांना सांगायला आवडते. जनुकापर्यंत जाणारा उपचार म्हणजे आपोआप चांगला उपचार, असे समजायचे कारण नाही.

बोटे जोडणे वाटते तितके सोपे नाही, आणि करप्याच्या जिवाणूची गोष्ट

कागदावर हे खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे दिसते. तीन अक्षरांना एक बोट, हवी तेवढी बोटे ओळीने लावा, झाले प्रथिन. प्रत्यक्षात शेजारची बोटे एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. एकटे असताना बरोबर वाचणारे बोट शेजारी बदलला की चुकीचे वाचते. त्यामुळे अनेक वर्षे एकेक प्रथिन घडवणे हे मोजक्याच प्रयोगशाळांना जमणारे, वेळखाऊ आणि महागडे काम राहिले.

२००९ मध्ये मदत आली ती शेतातून. भाताच्या पानांच्या कडा वाळवणारा कडा करपा, कागदी लिंबावरचा खैऱ्या, डाळिंबावरचा तेल्या हे रोग झॅन्थोमोनास या एकाच कुळातल्या जिवाणूंमुळे होतात. यातले काही जिवाणू, उदाहरणार्थ भाताच्या करप्याचा आणि लिंबाच्या खैऱ्याचा, झाडाच्या पेशीत स्वतःची प्रथिने टोचतात. ती झाडाच्या डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि जिवाणूला सोयीची जनुके चालू करतात. भातात तर ती साखर पेशीबाहेर सोडणारे जनुक उघडतात, म्हणजे जिवाणूच्या जेवणाची सोय झाली.

या प्रथिनांत साधारण ३४ अमिनो आम्लांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो आणि त्यातली फक्त दोन अमिनो आम्ले बदलतात. त्या दोघांवरून ठरते की हा तुकडा कोणते एक अक्षर वाचणार. एका तुकड्याला एक अक्षर, आणि शेजाऱ्यांची ढवळाढवळही कमी. दोन गटांनी स्वतंत्रपणे हा नियम उलगडला आणि हवे ते प्रथिन जुळवणे एकदम सोपे झाले. या प्रथिनांना 'टेल' म्हणतात आणि त्यांना डीएनए कापणारी कात्री जोडली की 'टॅलेन'. २०१५ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात रक्ताचा कर्करोग असलेल्या एका वर्षाच्या आतल्या मुलीला टॅलेनने बदललेल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी दिल्या गेल्या. इतर सर्व उपचार थकल्यावर तिला त्याचा उपयोग झाला आणि पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करता आले.

टेलची अडचण आकाराची. एका अक्षरासाठी एक तुकडा लागत असल्याने प्रथिन लांबलचक होते आणि ते पेशीत पोचवणे अवघड जाते. झिंक फिंगर त्या मानाने आटोपशीर.

जागेवर पोचल्यावर काय करायचे?

इथे बहुतेक बातम्या घोटाळा करतात. पत्ता शोधणारे प्रथिन हा फक्त पोस्टमन. तो दारात जाऊन उभा राहिल्यावर काय करणार, हे त्याच्या पिशवीत काय दिले आहे त्यावर ठरते.

पिशवीत 'बटण' देता येते. चालू करणारे बटण असेल तर ते जनुक जास्त काम करते, बंद करणारे असेल तर कमी. डीएनएची अक्षरे तशीच राहतात. मधुमेहामुळे पायाच्या नसा खराब होऊन आग होणे, मुंग्या येणे, पाय बधिर होणे हे तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल. त्यावर असा एक प्रयोग झाला होता. नसा आणि रक्तवाहिन्यांना पोषक असलेले व्हीईजीएफ-ए हे रुग्णाचे स्वतःचेच जनुक चालू करणारे झिंक फिंगर शरीरातच बनावे, म्हणून त्याची डीएनए-कृती रुग्णांच्या पायांच्या स्नायूंत टोचण्यात आली. सुरुवातीला आशा वाटली. २०११ मध्ये मोठ्या चाचणीत नकली इंजेक्शनपेक्षा फरक दिसला नाही आणि ते औषध तिथेच थांबले. म्हणून आजही पायाच्या नसांसाठी साखर आटोक्यात ठेवणे, रोज रात्री तळपाय बघणे आणि अनवाणी न फिरणे यांनाच महत्त्व आहे. कोणी 'नसांचे जनुक चालू करणारे इंजेक्शन' देऊ केले तर ते कुठे मंजूर आहे हे आधी विचारा.

बंद करणाऱ्या बटणावर मेंदूच्या आजारांसाठी काम चालू आहे. हंटिंग्टन आजारात दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असते. तिथे अक्षरांचा एक तुकडा नको तितक्या वेळा आलेला असतो. चांगली प्रत सोडून फक्त ही लांबलेली प्रत दाबणारी झिंक फिंगर उंदरांमध्ये यशस्वी झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांसाठी असे औषध अजून आलेले नाही.

दुसरा प्रकार 'कात्री'चा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात श्रीनिवासन चंद्रशेखरन यांच्या गटाने १९९६ मध्ये झिंक फिंगरला फॉक-१ या जिवाणूजन्य कात्रीचे पाते जोडले. या पात्याची खुबी अशी की एकटे पाते कापत नाही, दोन पाती समोरासमोर यावी लागतात. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची, तसेच हे. एक प्रथिन चुकून भलत्या ठिकाणी बसले तरी दुसरे शेजारी नसेल तर काप होत नाही.

काप पडल्यावर पेशी घाईने दोन टोके जोडते आणि जोडताना बहुधा एखाद-दुसरे अक्षर गाळते किंवा वाढवते. त्यामुळे जनुक निकामी होते. जनुक बंदच पाडायचे असेल तर एवढे पुरते. दुरुस्त करायचे असेल तर सोबत नमुन्याची प्रत पाठवावी लागते आणि पेशीने ती पाहून दुरुस्ती करावी अशी अपेक्षा ठेवावी लागते. मोडायला सोपे, दुरुस्त करायला अवघड.

एचआयव्हीवरची चाचणी मोडण्याच्या प्रकारातली होती. हा विषाणू बहुधा सीसीआर५ नावाच्या दारातून पांढऱ्या पेशीत शिरतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १२ रुग्णांच्या स्वतःच्या पेशी काढून झिंक फिंगर कात्रीने त्यांतले हे जनुक मोडले आणि पेशी परत दिल्या. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदललेल्या पेशी शरीरात टिकल्या. सहा जणांची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली १२ आठवड्यांसाठी थांबवली, तेव्हा विषाणू परत वाढला, पण बदललेल्या पेशी इतरांपेक्षा सावकाश कमी झाल्या. म्हणजे कल्पना बरोबर होती, आजार बरा झाला नाही. ही चाचणी वाचून कोणीही एआरटी बंद करू नये.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे हंटर सिंड्रोमच्या एका रुग्णाला झिंक फिंगर कात्री थेट शिरेतून दिली गेली. शरीराच्या आतच जनुक-संपादन करण्याचा हा पहिला प्रयत्न. यकृताच्या पेशींत एका ठरलेल्या जागी नवे जनुक बसवायचे आणि कमी पडणारे एन्झाइम तिथे बनवून घ्यायचे, असा बेत होता. बदल झालेल्या पेशी फारच थोड्या निघाल्या, एन्झाइम पुरेसे बनले नाही. पत्ता बरोबर सापडला तरी पुरेशा घरांपर्यंत पोचणे हा वेगळा प्रश्न आहे, हे त्यातून दिसले.

मग क्रिस्पर काय वेगळे करते?

तुम्ही क्रिस्परचे नाव जास्त ऐकले असेल. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच शार्पेंतिये आणि डाउडना यांना मिळाले. तिथे पत्ता प्रथिन वाचत नाही. कॅस९ हे प्रथिन सोबत आरएनएची चिठ्ठी घेऊन फिरते आणि चिठ्ठीवरच्या वीस अक्षरांशी डीएनए जुळवून बघते. नवा पत्ता हवा असेल तर प्रथिन नव्याने घडवावे लागत नाही, चिठ्ठी बदलली की झाले. म्हणूनच ते इतके पसरले.

पण झिंक फिंगर मागे पडून संपले, असे नाही. ती लहान आहेत, त्यामुळे पेशीत औषध वाहून नेणाऱ्या छोट्या विषाणू-वाहकात मावतात. ती माणसाच्या शरीरातल्याच प्रथिनांच्या घडणीची असल्याने शरीर त्यांना परके समजण्याची शक्यता कमी. नेहमी वापरले जाणारे कॅस९ मात्र स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचे. लहानपणी घसा सुजवणारा आणि काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप आणणारा तोच हा जिवाणू. त्यामुळे बऱ्याच लोकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची तयारी आधीच असते. अलीकडे झिंक फिंगर घडवायला संगणकाचीही मदत घेतली जाते. डीएनएला धरणारी अगदी नवी, निसर्गात नसलेली प्रथिने आखण्याचे कामही सुरू आहे. डेव्हिड बेकर यांना प्रथिने संगणकावर आखण्यासाठी २०२४ चे नोबेल मिळाले, त्यांचा गट यात आहे. ही कामे प्रयोगशाळेच्या टप्प्यावर आहेत.

कशामुळे धोका होऊ शकतो?

सर्वांत मोठी भीती चुकीच्या जागी बसण्याची. पत्त्याशी जवळजवळ जुळणारी, एखादेच अक्षर वेगळे असलेली जागा असेल तर तिथेही काप पडू शकतो. असे काप शोधण्याच्या चाचण्या आता आहेत, पण दर हजार पेशींत एखादीत झालेला बदल हाती लागणे कठीण असते. योग्य जागी काप पडला तरी तिथला मोठा तुकडा गळण्याची शक्यता असते. आणि कात्रीने केलेला बदल परत फिरवता येत नाही. रक्तदाबाची गोळी सोसली नाही तर आपण उद्या बंद करतो, इथे तो मार्ग नाही.

दुसरा धोका पोचवण्याच्या साधनाचा. विषाणू-वाहकामुळे यकृताला सूज येऊ शकते, आणि एकदा तो दिला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. त्यामुळे तोच वाहक दुसऱ्यांदा देणे बहुधा शक्य होत नाही. पेशी बाहेर काढून बदलण्याच्या उपचारात रुग्णाची जुनी अस्थिमज्जा आधी जोरकस केमोथेरपीने रिकामी करावी लागते. त्यात संसर्ग, तोंड सोलवटणे आणि पुढे मूल न होण्याची शक्यता हे सगळे येते. रुग्णाशी बोलताना डॉक्टरांकडून हा भाग कधीकधी घाईत उरकला जातो. तुम्ही तो पुन्हा विचारा.

सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या कुटुंबांसाठी आज काय आहे?

गर्भात असताना आपण वेगळे हिमोग्लोबिन वापरतो. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचे जनुक ते बंद करते. त्या जनुकाचे रक्तपेशींमधले बटण मोडले की गर्भातले हिमोग्लोबिन परत तयार होऊ लागते आणि सिकलचा त्रास थांबतो. म्हणजे चुकलेले अक्षर तसेच राहते, त्याला वळसा घातला जातो. या तत्त्वावरचे कॅसजेव्ही हे क्रिस्पर औषध २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झाले. अमेरिकेतल्या मंजुरीच्या वेळी, मूल्यमापन करता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग वर्षभर वेदनेचा तीव्र झटका आला नव्हता. झिंक फिंगर कात्रीने याच बटणावर अमेरिकेत थोड्या रुग्णांमध्ये चाचणी झाली, पण ते औषध म्हणून बाजारात आले नाही. व्हिडिओत दाखवलेले बरे झालेले रुग्ण बहुधा क्रिस्परचे होते आणि नाव लावले होते झिंक फिंगरचे.

अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले आहे. २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने ते जाहीर झाले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करार झाला. गडचिरोली, नंदुरबार, चंद्रपूर, मेळघाट इथल्या कुटुंबांनी या बातमीकडे जरूर लक्ष ठेवावे. पण ते अजून जिल्हा रुग्णालयात मिळणारे औषध नाही.

मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती हीच का, असेही विचारले जाते. नाही. ती काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे आणि तिच्यात नवे जनुक विषाणू-वाहकाने घातले जाते. त्याचा पत्ता अक्षराअक्षराने निवडलेला नसतो.

तोपर्यंत हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, न्यूमोकॉकससह सर्व लसी आणि ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना, हे चालूच ठेवायचे. सख्ख्या भावंडाची एचएलए जुळत असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा आजार मुळापासून घालवणारा उपचार भारतात आजही होतो. प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून तपासणी लवकर करून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. लग्न ठरवताना दोन्हीकडची तपासणी झालेली असेल तर पुढचे बरेच टळते. दोघेही वाहक असतील तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच, दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास, गर्भाची तपासणी करता येते.

कोणी चाचणीत सामील व्हा म्हटले तर

खऱ्या चाचणीचा भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयवर, क्रमांक असतो. तो मागा आणि स्वतः संकेतस्थळावर टाकून पाहा. नसेल तर तिथेच थांबा. चाचणीतल्या प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात असतील तर सावध व्हा. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, ती संमतीपत्रावर कुठे लिहिली आहे ते दाखवायला सांगा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, एक रात्र जाऊ द्या.

डॉक्टरांना साध्या शब्दांत विचारा: हे औषध डीएनएवर कुठे बसते? तिथे कापते की नुसते चालू-बंद करते? चुकीच्या जागी बसल्याचे कसे तपासणार आणि किती वर्षे तपासणार? आधी केमोथेरपी लागेल का? मला किंवा माझ्या मुलाला पुढे मूल होण्यावर काय परिणाम होईल? गर्भाचे किंवा स्त्रीबीज-शुक्राणूंचे जनुक बदलून देतो असे कोणी म्हणाले तर तो भारतात मान्य नसलेला प्रकार आहे, तिथून सरळ बाहेर पडा.

आणखी एक काम आजच करता येते. पुष्कळ कुटुंबांकडे फक्त 'सिकल पॉझिटिव्ह' एवढाच कागद असतो. त्यावरून मूल वाहक आहे की रुग्ण हेही कळत नाही. एचपीएलसीचा रिपोर्ट आणि शक्य असेल तिथे जनुक-चाचणीचा रिपोर्ट मिळवून त्याच्या दोन प्रती काढा, एक घरी आणि एक मोबाइलमध्ये ठेवा. थॅलेसेमियात तर नेमकी कोणती अक्षरे बदलली आहेत हे घरोघरी वेगळे असते आणि कोणत्याही जनुकीय उपचाराची पहिली विचारणा तिथूनच सुरू होते. त्या वडिलांकडेही हा रिपोर्ट नव्हता. जस्ताच्या गोळ्यांऐवजी मी त्यांना एचपीएलसीची चिठ्ठी लिहून दिली आणि धाकट्या बहिणीचे रक्तही त्याच दिवशी तपासायला सांगितले.